पासवर्ड फोनवर सांगायचा नाही

आमच्या घरात तेव्हा दोन कुलपं होती आणि दोन्हींच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. एक कुलूप आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीला, तिच्यात कपाशीवर फवारायचं औषध. दुसरं मधल्या खोलीतल्या कम्प्युटरला. ते डोळ्यांना दिसायचं नाही, पण पेटीच्या कुलपापेक्षा पक्कं होतं. या दोन कुलपांपायी माझे दीर मरता मरता राहिले, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटापर्यंत ताणायचं नाही. लपवाछपवी माझ्याकडून तशीही पुष्कळ झाली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजूला, शाळा तिथून पुढच्या गावात. आमचे हे एसटीत वाहक, कायम मुक्कामाच्या गाडीवर, त्यामुळे घरात माणसं तीनच असायची: मी, बारावीला शिकणारी मुलगी आणि माझे दीर. सगळी शेती भाऊजींच्या अंगावर. बारावी झालेला, शिस्तीचा, निर्व्यसनी माणूस, पण त्यांचं लग्न जमत नव्हतं. लोक यायचे, पोहे खायचे, घर बघायचे आणि मग मुलीचा बाप विचारायचा, "शेती हाये ते तं दिसलंच. बाकी काय करते पोरगा?" बाकी काय करणार तो? त्या वर्षांत आमच्याकडे कापूस पिकवणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. कारकुनाला देत होते, शिपायाला देत होते, भाऊजींना नाही. एकदा तर कुंकू लावायची तारीख ठरली आणि त्यांच्याकडून निरोप आला की मुलीला नोकरीवाला मिळाला. भाऊजी तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी घाबरले. घाबरण्यासारखे दिवस होते ते. माझ्याच वर्गात अशी दोन लेकरं होती की ज्यांच्या बापाचं नाव घ्यायला आम्ही शिक्षक चाचरायचो. गावात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण घराघरातल्या बायकांनी गुपचूप एक रीत पाडून घेतली होती. औषधाचा डबा गडीमाणसाच्या हाती ठेवायचा नाही. कोणी विचारलंच तर लेकरांच्या हाताला लागू नये म्हणून, असं सांगायचं. मीही तसंच केलं. सकाळी शाळेत जायच्या आधी त्या दिवसापुरतं औषध झाकणानं मोजून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढायचं, कोणी चुकून पिऊ नये म्हणून बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा आणि ती ओसरीवर ठेवायची. डबा पुन्हा पेटीत, किल्ली माझ्या पर्समध्ये. भाऊजी बाटली उचलायचे आणि माझ्याकडे न बघता निघून जायचे. त्यांना समजत होतं. मला वाटायचं, आपण किती शहाण्या.

औषध तरी किती लागायचं! बीटी कापूस पहिल्यांदा आला तेव्हा दुकानदारानं छाती ठोकून सांगितलं होतं की आता फवारणीचा ताप गेला. बोंडअळीचा गेला असेल काही वर्षं, पण मावा आला, तुडतुडे आले, पांढरी माशी आली. आणि कपाशी अशी वाढायची की उभा माणूस तिच्यात दिसायचा नाही. पूर्वी कमरेइतक्या झाडांवर फवारायचे, आता डोक्यावर नळी धरून फवारायला लागायचं. वारं फिरलं की सगळा फवारा अंगावर. भाऊजी तोंडाला रुमाल गुंडाळायचे, बस, तेवढंच.

कम्प्युटर घरात आणला तो भाऊजींनीच. पुतणीच्या अभ्यासाला पाहिजे म्हणून मेहकरहून मोटारसायकलवर, खोकं मांडीवर लेकरासारखं धरून मित्राच्या मागे बसून आले. इंटरनेटची कांडी, ते डोंगल, खिडकीशी धरलं तरच चालायचं, म्हणून टेबल खिडकीला लावलं आणि वर माझ्या जुन्या साडीचं झाकण शिवलं. मग शाळेतल्या मैत्रिणींनी मला भरवलं. अमुकीची पोरगी नेटवर काय बघत होती, तमुकीची कोणाशी बोलत होती. मी लगेच मेहकरच्या त्या कम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, असं सॉफ्टवेअर येतं की वाईट पानं उघडतच नाहीत, पासवर्ड फक्त तुमच्याकडे. म्हटलं, हेच पाहिजे.

त्यानं एकेक प्रकार वाचून दाखवला. अश्लील, जुगार, गप्पागोष्टी, दारू, हत्यारं. मी प्रत्येकाला मान हलवत होते. शेवटी तो म्हणाला, "हे मॅडम, विष, आत्महत्या, असं सगळं. हेबी बंद करू का? याची लोकं काही मागणी करत नाहीत." भाऊजी तिथेच उभे होते, त्याच्यासाठी चहा घेऊन. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"करा बंद," मी म्हणाले. "सगळंच करा."

पहिले काही दिवस गंमत झाली. काहीही उघडायला गेलं की पडद्यावर लाल पाटी यायची, पान बंद आहे, पालकांना विचारा. एकदा भाऊजी मोठ्या हिमतीनं वधू-वर मंडळाचं पान बघायला बसले तर तेही बंद! त्या यंत्राला ते गप्पागोष्टींतलं वाटलं असणार. मुलगी खो खो हसली, भाऊजी कानापर्यंत लाल झाले. "वहिनी, आता लगनबी तुमाले इचारूनच का?" म्हणाले. मी कीबोर्डवर पदर पसरून, त्याच्याखाली बोटं चालवून पासवर्ड टाकला. खरं सांगते, मला ते आवडायचं. शाळेत मुख्याध्यापक माझं ऐकत नव्हते, घरी हे महिन्यातून चार दिवस दिसायचे, पण या टेबलापाशी सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.

मुलगी माझ्यावरच गेलेली, हट्टी. जीवशास्त्राच्या प्रोजेक्टला पाहिजे म्हणून तिनं एकदा माझ्याकडून पानं उघडून घेतली आणि मी स्वयंपाकघरात वळल्यावर वर्गातल्या कोणाशी गप्पा मारत बसली. काय बोलत होती? परीक्षेचंच, आणि थोडं सिनेमाचं. पण मी फसवली गेले याचाच मला इतका राग आला की मी तिच्या गालावर एक ठेवून दिली. भाऊजी मध्ये पडले तर त्यांनाही बोलले. आणि त्याच तिरमिरीत जाहीर केलं, यापुढे पासवर्ड कोणाला मिळणार नाही, आणि फोनवर तर नाहीच नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

पोळा होऊन गेला होता. पाऊस थांबून घाम काढणारं ऊन पडलं होतं. त्या दिवशी मुलीच्या कॉलेजला सुटी होती, भाऊजी पहाटेच रानात गेले होते. माझ्या शाळेत केंद्रप्रमुख आलेले. पोषण आहाराची खिचडी त्यांच्यासमोर वाढली जात होती आणि माझा फोन वाजला. घरचा होता. मी बाजूला जाऊन घेतला.

"मम्मी, पासवर्ड सांग. लवकर."

सुरुवातच तशी झाली, आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

"काऊन?"

"काकाले कसंतरी होऊन राह्यलं. रानातून आले, दोन उलट्या झाल्या, लय घाम येऊन राह्यला. म्हणतात दिसत नाई नीट. मी पाहून राह्यली होती की फवारणीनं असं झालं तं काय करा लागते, तं ते लाल पाटी येते."

एवढं सगळं तिनं सांगितलं. मी ऐकलं नाही असं मला कधी म्हणता येणार नाही. शब्दन् शब्द ऐकला. पण त्या खिचडीच्या वासात, साहेबांकडे एक डोळा ठेवून, माझ्या डोक्यात आलं ते हेच की मागच्या वेळी जीवशास्त्र होतं, आता काका. कम्प्युटर उघडायला पोरगी काय काय निमित्त काढेल!

"ऊन लागलं असंल," मी म्हणाले. "रिकाम्या पोटी फवारते माणूस, दुसरं काय होईन? ताक दे, अंगावर काहीतरी घाल आणि झोपू दे. मी आल्यावर पाहू."

"मम्मी, त्यायच्या डोळ्यातल्या बाहुल्या…"

"आल्यावर पाहू म्हटलं ना?"

मी फोन ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा वाजला. तेव्हा मी साहेबांसमोर बसले होते, ते माझ्या वर्गाची पटसंख्या विचारत होते. मी पडद्यावर घरचं नाव पाहिलं आणि फोन कापला. साहेब म्हणाले, "घरचं असेल तर घ्या मॅडम, महत्त्वाचं असेल." मी हसून म्हणाले, "कशाचं महत्त्वाचं, पोरीचे लाड आहेत." त्यानंतर फोन आला नाही. मला बरंच वाटलं.

संध्याकाळी घरी आले तर दार उघडं, मुलगी ओसरीवर उभी. मला बघून बाजूला झाली. आत भाऊजी बाजेवर पडले होते. मी सांगितलं होतं तसं तिनं केलं होतं. ताकाचा पेला उशाशी, अंगावर गोधडी. गोधडी काढली तर आतला शर्ट औषधानं अजून ओला, तोच, रानातून घालून आलेला. खोलीभर तो वास. तोंडातून लाळ गळत होती, हातापायाचं मांस आपोआप उडत होतं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तेच सांगत होती पोरगी. मधल्या खोलीत कम्प्युटर चालू होता, आणि त्याच्यावर ती लाल पाटी तशीच.

"कोणाले बोलावलं काऊन नाई?" मी तिच्यावरच ओरडले. बघा, तेव्हाही मी तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, "पप्पाचा फोन लागला नाई. गल्लीत कोणीच नवतं, सारे रानात. आन् तू म्हणली झोपू दे." खरंच होतं. पावसाळ्यातल्या दुपारी आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांशिवाय कोण असतं?

शेजारचे चाचा तेवढ्यात मेहकरहून कापडाचा माल टाकून आले होते. त्यांच्याच टेम्पोत भाऊजींना घातलं. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं काय केलं असेल तर कात्रीनं शर्ट कापला. "हे कपडे अजून अंगावर कसे?" ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे, पण मी तिथे उभी होते. साबणाच्या पाण्यानं अंग धुवायला लावलं. मग विचारलं, औषध कोणतं?

मुलीनं पिशवीतून ती पाण्याची बाटली काढली. लाल दोरा बांधलेली. तिच्यावर नाव नव्हतं, काहीच नव्हतं. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "अशी काढून ठेवता औषधं? डबा कुठे आहे?" डबा घरी पेटीत, आणि नाव मला आठवेना! रोज सकाळी झाकणानं मोजून देणारी मी, मला नाव आठवेना. पर्समधून किल्ली काढून चाचांना दिली. ते बिचारे तसेच टेम्पो घेऊन पुन्हा गावाला गेले. तोवर डॉक्टरांनी अंदाजानं सुया चालू केल्या होत्या, आणि डबा आल्यावर आम्हाला बुलढाण्याला पाठवलं. तिथे भाऊजींना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि मुलगी माझ्यापासून दोन माणसांची जागा सोडून बसली होती.

भाऊजी वाचले. पण हातातला जोर गेला. उजव्या हातानं चहाचा कप धरला तर बशीत सांडतो, बटणं लावायला वेळ लागतो, संध्याकाळ झाली की त्यांना नीट दिसत नाही. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं. लग्नाचा विषय त्यांनी स्वतःच काढू दिला नाही पुन्हा. एकदा मीच काढला तर म्हणाले, "आता कोणाच्या पोरीचं नुसकान कायले करा वहिनी?"

आणि हा माणूस सगळ्या गावाला काय सांगायचा? दवाखान्यातून आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रत्येकाला सांगायचे, "वहिनी शाळेतून आली म्हणून वाचलो. तिनंच टेम्पोत घातलं, तिनंच औषधाचा डबा आणवला. तिच्याजागी दुसरी बाई असती तं हातपाय गाळून बसली असती." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मी काय करायचे? खाली मान घालून बसायचे. लोकांना तो विनय वाटायचा. मुलगी सगळ्यांना चहा द्यायची, रिकामे कप उचलायची, आणि एक शब्द बोलायची नाही. मी रोज वाट बघायचे की आज ही बोलेल. कोणासमोर तरी म्हणेल, मी फोन लावला होता हिला. ती म्हणाली नाही. तिनं आपल्या बापालाही सांगितलं नाही. ह्यांनी मला विचारलं, कळलं कसं तुला? मी म्हणाले, घरी आले तेव्हा दिसलं. यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं, आणि सगळंच होतं.

एका रविवारी मी कम्प्युटरवरचं ते कुलूप काढलं. त्या मेहकरवाल्याला न बोलावता, स्वतःच, जमेल तसं. काढल्यावर त्या दिवशी मुलीनं उघडायला घेतलेलं पान उघडलं. ते तिथेच होतं, मराठीतच. सगळे कपडे काढा. साबणानं अंग धुवा. तोंडानं काही देऊ नका. औषधाच्या डब्यासकट लगेच दवाखान्यात न्या. एवढंच. माझ्या चौथीच्या लेकरांनी वाचलं असतं. आणि मी जे जे करायला सांगितलं, ते सगळं या पानावरच्या बरोबर उलट होतं.

मुलगी दारात उभी होती. केव्हा आली मला कळलं नाही. त्या दिवसापासून ती कम्प्युटरला शिवली नव्हती. बारावीचा अभ्यास मैत्रिणीच्या घरी जाऊन करायची. म्हटलं, "आता काही बंद नाही. पाह्यजे ते पाहत जाय."

ती पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मम्मी, एक सांग. खरं सांग. मी त्या दिवशी अजून एकदा फोन लावला असता, तं तू उचलला असता का?"

इतके दिवस मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते, आणि ती बोलली ती हे. मला उत्तर माहीत होतं. उचलला नसता. साहेब जाईपर्यंत दहा वेळा वाजला असता तरी नसता उचलला, उलट घरी येऊन आणखी एक ठेवून दिली असती. हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काही नव्हतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या नजरेतली उरलीसुरली आईसुद्धा जाईल की काय, याची मला भीती वाटली. मी माझा विचार केला. तिचा नाही.

"हो," मी म्हणाले. "उचलला असता ना. पुन्हा वाजला असता तं समजलं असतं मले, की खरंच काही झालं."

तिनं मान हलवली. तिचा चेहरा बदलला तो राग जाऊन नव्हे. काहीतरी आत खाली बसल्यासारखं झालं.

"मंग मीच लावायले पाह्यजे होता," ती म्हणाली. "मीच घाबरली तुले."

आणि ती भाऊजींच्या शर्टाची बटणं लावायला निघून गेली.

आज ती नोकरीला आहे, तिचं लग्न झालं आहे. भाऊजींना दर दिवाळीला नवे कपडे पाठवते, बटणाऐवजी चेन लावून घेतलेले. मागच्या वर्षी आली तेव्हा त्यांच्या पायाशी बसून म्हणत होती, "काका, मी त्या दिवशी अजून एक फोन लावला असता तं तुमचा हात गेला नसता." भाऊजी म्हणाले, "चाल वं, तू लेकरू होती." मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, मधे फक्त दार होतं. तव्यावरची पोळी करपली तरी मी बाहेर आले नाही.